आजीच्या लुगड्याचा काठ

पुष्पाच्या मेघाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात तपासणीच्या फायली तालुक्यांप्रमाणे लावत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी समोरच्या कागदावर लिहिलं : रजेचा अर्ज, नांदेडची बस, घरी निरोप. चौथ्या ओळीला पेन थांबलं... पुष्पासाठी करायचं असं त्या यादीत काही उरलंच नव्हतं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

पुष्पा आणि मी नांदेडला कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. पुढं नोकरीमुळं मी लातूरला आले, आणि तिनं नांदेडलाच घराच्या पुढच्या खोलीत शिवणक्लास काढला. घर चालायचं ब्लाउज आणि पंजाबी ड्रेसवर, जीव मात्र बायकांच्या जुन्या कपड्यांत. कुणाच्या ट्रंकेत आजीची चोळी आहे असं कळलं की ती बिलोलीपर्यंत जाऊन यायची. चोळी मागायची नाही. उलटी करून शिवण बघायची, टेपनं मापं घ्यायची, आणि मी ती वहीत उतरवायचे. एका खणातून चिंधीही वाया न घालवता चोळी कशी बेतायची, हात वर करता यावा म्हणून काखेत चौकोनी तुकडा का घालायचा, हे तिनं मला दाखवलं. "मशीन नव्हती तवा बाया डोकं चालवायच्या," ती म्हणायची. "आता मशीन हाय, तर डोकं ठेवलंय बाजूला."

तीन वर्षांपूर्वी तिच्या गल्लीतल्या महिला मंडळानं जुन्या काळचे बायकांचे कपडे मांडायचं ठरवलं. लुगडं-चोळीचे पाच जोड तयार करायचे होते. शिवणार पुष्पा, यादी माझी. पाचवा जोड तिच्या आजीचा. आजीचा फोटो नव्हता, म्हणून त्या ओळीपुढं मी लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. पुष्पानंही विचारलं नाही. आजीच्या नावानं इरकली लुगडं उभं राहिलं, निऱ्यांवर रुंद काठ झळकणारा, वर अखंड खणाची चोळी. मांडणीच्या आदल्या दिवशी लोह्याहून तिची आत्या आली. आजीची लेक, वय ऐंशीच्या पुढं. पाचव्या जोडापुढं ती थांबली.

"हे कोन म्हनायचं?"

"तुझी माय हाय, आत्या," पुष्पा म्हणाली.

"न्हाई. माझी माय अशी कवा नेसली? काठ निऱ्यात दडवाया लागायचा पोरी. आपल्या वस्तीतल्या बायांचा काठ दिसला की गावातले बोलायचे. आन् चोळी असली कुठली? चार लुगड्याच्या चिंध्या जोडून एक."

"मंग काठाचं लुगडं घ्यायचंच कशाला?" पुष्पानं विचारलं.

"दडवायला का होईना, काठ हाय हे आपल्याला तर ठावं होतं न्हवं?"

पुष्पा खाली बसली. मी माझ्या सवयीनं मार्ग काढला : लुगडं तसंच ठेवू, शेजारी पाटी लावू. "पाटी वाचतंय कोन? लोक कापड बघून जातात," ती म्हणाली आणि लुगडं सोडायला लागली. रात्रीत तिनं काठ आत दडवून ते पुन्हा नेसवलं आणि चिंध्या जोडून नवी चोळी शिवली. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना पटेना. आनंदाच्या कार्यक्रमात ठिगळं कशाला, असं त्यांचं म्हणणं. पुष्पा आवाज न चढवता म्हणाली, "वहिनी, ठिगळं ऱ्हातील, न्हाई तर पाचही जोड मी घरी नेते." ठिगळं राहिली. दिवसभर त्या जोडापुढं बायका सगळ्यात जास्त वेळ थांबत होत्या... एक-दोघी तर निऱ्यांत हात घालून दडवलेला काठ चाचपून बघत होत्या.

आत्या निघताना म्हणाली, "धम्माच्या दीक्षेनंतर माय पांढरं लुगडं नेसली, काठ भाईर काढून. तवा आम्ही पोरी तिच्या मागंमागं फिरलो नुसत्या." त्याच दिवशी पुष्पानं सहावा जोड करायला घेतला : पांढरं लुगडं, काठ बाहेर, आणि एकाच कापडातली, एकही ठिगळ नसलेली चोळी. ही मशीनवर नाही, हातानंच, आजीनं शिवली असती तशी. मध्ये आजार निघाला. उपचारानं बोटं बधिर झाली, सुई हातातून निसटायची. घातलेल्या टाक्यांपेक्षा उसवलेलेच जास्त असायचे. मी एकदा म्हटलं, मेघा मशीनवर एका दुपारी करील. "करील की," ती म्हणाली, "पन मंग ते मेघाचं होईल." शेवटच्या भेटीत डावी बाही झाली होती. उजवी टाचण्यांवर होती.

लातूरला सहाही जोड मांडायचे, हे मी ठरवलंय. हॉल घेतलाय, आत्याला आणायला गाडी सांगितलीय. राहिली ती उजवी बाही. शिवण मला कधी आली नाही. पुष्पा माझ्या हातात सुई द्यायचीच नाही. तरी गेले चार रविवार मी नांदेडला जाते आणि त्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसते. क्लास आता मेघा आतल्या खोलीत घेते. काल ती बाहेर आली, बाही उजेडात धरून डावीच्या शेजारी ठेवली.

"मावशी, टाका मोठा पडून राहिला."

"दिसतोय का लांबून?"

"लांबून न्हाई. आत्याआजीला दिसल."

मी काखेपर्यंत सगळं उसवलं. मेघानं सुईत दोरा ओवून दिला आणि आत जाताना दिवा लावला. मी पुन्हा कोपराकडून सुरुवात केली.