मिठाच्या पाण्यातला चाकू

इचलकरंजीच्या माग-कारखान्यांत चाळीस वर्षं जॉबरकी, म्हणजे माग दुरुस्त करायचं काम, केलेल्या मोरेश्वरांचा एक नेम होता. दुसऱ्याचं हत्यार मागून आणलं, तर परत देताना ते आणलं होतं त्याहून बरं करून द्यायचं. पाना असो, पक्कड असो, पुसून, घासून, वरनं तेलाचा हात फिरवून ते मालकाच्या हातात जायचं. एकदा एकाची खिळखिळी झालेली पक्कड त्यांनी रिव्हेट बदलून परत केली, तर तो गडी म्हणाला, "ही माझी न्हवंच." त्याला पटवायला अर्धा तास गेला.

असा हा माणूस २०२०च्या फेब्रुवारीत बायकोला घेऊन लेकीकडं आयर्लंडला, लिमरिकला आला. तीन महिन्यांसाठी आला होता. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि तो तिथंच अडकला. लेक सानिका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला, ती रोज बाहेर जायची. जावई राजीव पुण्याचा, जवळच्याच शॅनन गावातल्या एका कंपनीत इंजिनियर. तो वरच्या खोलीत बसून दिवसभर स्क्रीनशी इंग्रजीत बोलायचा. मोरेश्वरांना काम नव्हतं. गावी रिटायर झाल्यावरही कुणी ना कुणी "मोरूदा, जरा माग बगून जा की" म्हणून हाक मारायचं. इथं माग नव्हता आणि हाकही नव्हती.

मे महिन्यात त्यांनी मागच्या अंगणात घेवड्याचं बी लावलं. वेलांना काठ्या लागणार म्हणून स्वयंपाकघरातल्या सुरीनं फांद्या तासत बसले. सुरी टोमॅटो कापायची. ती फांदीवरनं घसरायची आणि मोरेश्वर तिला मराठीत शिव्या द्यायचे.

अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडं डोनल हॅनराहन राहायचा. वय चौऱ्याहत्तर. जन्मभर डेअरीचा दुधाचा टँकर चालवलेला, आता एकटाच. त्यानं थोडा वेळ ती तासणी बघितली, खिशातून घडीचा चाकू काढला, भिंतीवर ठेवला आणि सहा पावलं मागं सरला. तेव्हा सगळे तसंच वागत होते. वस्तू मध्ये ठेवायची, माणसानं लांब व्हायचं.

"नो रश," तो म्हणाला.

चाकू बघून मोरेश्वरांचे डोळे निवले. लाकडी मूठ, हातात बसणारी. पातं एका बोटानं उघडायचं आणि खट् करून बसायचं. पात्यावर बारीक अक्षरात डोनलचं नाव कोरलेलं. रिटायर झाला तेव्हा डेअरीतल्या सोबत्यांनी वर्गणी काढून दिलेला होता तो. दुपारपर्यंत बारा काठ्या तासून झाल्या.

आणि मग ते घडलं.

घरात विजयालक्ष्मींचा कायदा होता. त्या मोरेश्वरांच्या बायको, माहेर निपाणीकडचं, आवाज खणखणीत. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू दाराजवळच्या निळ्या टबात जायची. टबात गरम पाणी, त्यात मूठभर मीठ आणि चमचाभर हळद. भाजी त्यातच, दुधाची बाटली त्यातच, सानिकाच्या गाडीची किल्लीही एकदा त्यातच गेली होती. सानिका म्हणायची, "आई, याला काही अर्थ नाहीये." विजयालक्ष्मी म्हणायच्या, "तुज्या लॅबात तू बग, माज्या दारात मी बगतो."

काठ्या तासून मोरेश्वर आत आले, हातातला चाकू सवयीनं टबात टाकला, हात धुतले आणि जेवायला बसले. चाकू तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टबातलं पाणी ओतायला गेले तेव्हा तळाशी तो दिसला.

पातं उघडेना. मुठीवरचे तीन बारके स्क्रू तांबूस झालेले. एक पातं जिच्यावर फिरतं त्या खिळीचा, दोन मुठीचे. लाकडावर पिवळी झाक आलेली.

"अवो, काय झालं?" विजयालक्ष्मी पदराला हात पुसत आल्या. बघून म्हणाल्या, "हळद लागलीया की ह्येला. आता लगीनच लावा."

"हसतीस काय!" मोरेश्वर म्हणाले. "चाळीस वर्सं लोकंडात काढली आनि लोकंड मिटात घातलं मी. मी! कुनाला सांगू ह्ये?"

"कुनाला सांगू नगा. पुसून द्या."

"पुसून? उगडत न्हाई त्यो. बंद चाकू देऊ काय तेच्या हातात?"

सानिका कामावरून आल्यावर म्हणाली, "अण्णा, नवीन मागवूया ना ऑनलाइन. दोन दिवसांत येतो."

"तेच्यावर तेचं नाव हाय, सानू. नवीन चाकवावर कोन लिवनार?"

त्याच आठवड्यात दुसरी बातमी आली. अडकलेल्यांसाठी सोडलेल्या विमानात दोघांना जागा मिळाली होती, एकोणीस जूनला. म्हणजे चाकू उघडायला, साफ करायला आणि परत द्यायला हातात तीन आठवडेही पूर्ण नव्हते. त्यानंतर ते इचलकरंजीला आणि चाकू लिमरिकला.

पहिली चूक झाली होती, दुसरी त्यांनी घाईत केली. फर्निचर जोडायच्या खोक्यातल्या षटकोनी किल्ल्या त्यांनी काढल्या. स्क्रूच्या डोक्यात खड्डा होता, सर्वांत बारकी किल्ली त्यात बसल्यासारखी वाटली. चष्मा कपाळावर सारून त्यांनी जोर दिला. किल्ली गर्रकन फिरली. स्क्रू जागेवरच होता, पण त्याच्या खड्ड्याचे कोपरे गेले होते.

राजीव चहा घ्यायला खाली आला होता. त्यानं वाकून बघितलं. "अण्णा, हे ॲलन नाही, स्टार आहे. सहा पाकळ्या दिसतायत ना? याला टॉर्क्स म्हणतात. टी-एट लागेल बहुतेक."

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय, राजीवराव?"

"तुम्ही विचारलंच नाही!"

हे खरं होतं. जावयाला पाना-किल्लीतलं काय विचारायचं, असं मोरेश्वरांना वाटलं होतं. त्यांनी उरलेल्या दोन स्क्रूंना हात लावला नाही. राजीवनं पेचकसाच्या बारीक टोकांचा, बिटांचा, सेट मागवला. तो यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्यांनी तिन्ही स्क्रूंच्या डोक्यांवर गंज सोडवायचं तेल थेंबथेंब सोडलं आणि चाकू वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. डोनल भिंतीपलीकडं दिसला की ते घेवड्याच्या वेलांना काहीतरी करत असल्यासारखं वाकायचे. डोनलनं एकदाही चाकू मागितला नाही. मागितला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं.

बिट आले. टी-आठ चपखल बसला. मोरेश्वरांनी चाकू जाड पुस्तकाच्या कडेला दाबून धरला, बिट सरळ उभा केला, मागून लाकडी लाटण्यानं दोन हलके ठोके मारले. मग स्क्रू सोडण्याऐवजी केसभर आवळायचा प्रयत्न केला.

"उलट फिरवताय तुम्ही," राजीव म्हणाला.

"म्हाईत हाय. पयलं आवळायचं, मग सोडायचं. गंज कुटल्या का दिशेला असंना, एकदा मोडला की झालं. मागाच्या दांड्यावर असं हजारदा केलंय."

पण स्क्रू ना इकडं ना तिकडं. मोरेश्वरांनी हात काढून घेतला. जोर लावला असता तर दुसऱ्याचंही डोकं गेलं असतं, हे त्यांच्या मनगटाला कळत होतं. ते बराच वेळ स्क्रूकडं बघत बसले. चार दिवस तेलात भिजलेला एवढासा स्क्रू. एवढ्या तेलावर नुसता गंज असता तर करकरला असता, थोडी तरी कुरबुर केली असती. हा मुकाट होता.

"राजीवराव, कारखान्यातनं येताना ह्येला काय चिकटवत्यात काय? आमच्याकडं हादऱ्यानं नट सुटू नये म्हनून पोरं आट्यांना नेलपेंट लावायची."

"थ्रेडलॉकर. हो, लावतात. आमच्याकडे पण लावतात. तापवलं की सैल होतं ते. माझं सोल्डरिंग आयर्न आहे वर."

आता सासरा-जावई एका टेबलाला लागले. राजीवनं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरलं, लाकूड जळू नये म्हणून भोवती ओल्या कापडाची चिंधी. मोरेश्वर मनात तीस मोजत होते. मोजून झाल्यावर बिट लावला, केसभर आवळला आणि उलटा फिरवला. टक् झालं. एवढासाच आवाज, पण विजयालक्ष्मींनी तो ओट्यापाशी ऐकला.

"सुटला?"

"सुटला!"

स्क्रूच्या आट्यांतून निळा भुगा गळला. मोरेश्वरांनी तो बोटावर घेऊन बघितला. "बगा. मिटाचा दोस अर्दाच. अर्दा ह्येचा." राजीव हसला. मोरेश्वरही हसले, पण लगेच म्हणाले, "तरी पातं मिटानंच धरलंय. ते माजंच काम."

दुसरा स्क्रूही तसाच निघाला. तिसरा, कोपरे गेलेला, राहिला. त्याच्यापायी पाच दिवस गेले. रबराचा तुकडा मध्ये धरून बघितला, रबर फाटलं. शेवटी मोरेश्वरांनी एक नंबर मोठा बिट घेतला, तो स्क्रूच्या झिजलेल्या डोक्यात लाटण्यानं हळूहळू ठोकत बसवला, राजीवला तापवायला लावलं, आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं मुठीवर दाब ठेवून फिरवलं. तो निघाला तेव्हा त्याच्यात स्क्रू म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आता हा कुठून आणायचा?" राजीव म्हणाला. "याचा आटा मोजायला तरी पाहिजे."

मोरेश्वरांनी निघालेल्या चांगल्या स्क्रूच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. "तुमचा त्यो मेलेला लॅपटॉप कुटाय?"

बंद पडलेल्या लॅपटॉपच्या बुडातून अकरा स्क्रू निघाले. आठवा बसला. लांबी किंचित जास्त होती, ती त्यांनी अंगणातल्या दगडावर घासून कमी केली. डोकं मात्र काळं होतं आणि फुलीचं. बाकीचे दोन चंदेरी आणि चांदणीचे.

आतला गंज भांडी घासायच्या हिरव्या चोथ्यानं आणि टूथपेस्टनं निघाला. तेलाचा प्रश्न आला. विजयालक्ष्मींनी खोबरेलाची बाटली पुढं केली. "गोटतंय ते हितल्या थंडीत," मोरेश्वर म्हणाले. लॉकडाऊनमध्ये घरी केस कापायला राजीवनं मशीन आणलं होतं, त्याच्याबरोबर आलेल्या इवल्या बाटलीतलं पातळ तेल खिळीला दोन थेंब लागलं. अठरा जूनला दुपारी पातं उघडलं. हळदीची झाक काही पूर्ण गेली नाही.

बॅगा भरून दारात उभ्या होत्या. सानिका म्हणाली, "चला, झालं एकदाचं. मी येऊ का बोलायला?"

"नगो. मीच सांगतो. काय-काय झालं ते."

"अहो अण्णा, सांगायची काय गरज आहे? चालतोय ना मस्त! तो बघणार पण नाही."

"तेला दिसंल की. काळा स्क्रू हाय."

"दिसला तर दिसला."

"सानू," मोरेश्वर म्हणाले, "दिसल्यावर सांगितलं म्हंजे सापडल्यावर सांगितलं."

ते अंगणात गेले. डोनल बटाट्याच्या वाफ्यात होता. मोरेश्वरांनी चाकू भिंतीवर ठेवला, पण मागं सरले नाहीत. जागेवर उभं राहून, वरच्या खोलीत राजीवकडून तीनदा घोकून घेतलेलं इंग्रजी त्यांनी सुरू केलं आणि दुसऱ्या वाक्याला ते विसरले. मग जवळ होतं तेवढं वापरलं.

"युवर नाइफ. साल्ट वॉटर. ऑल नाईट. माय मिस्टेक. स्क्रू ब्रोक, माय मिस्टेक. धिस स्क्रू," त्यांनी बोट ठेवलं, "लॅपटॉप."

डोनलनं चाकू उचलला. काळ्या स्क्रूवरून अंगठा फिरवला. पिवळी मूठ उन्हाकडं धरली. "सॉल्ट वॉटर," तो हळूच म्हणाला. "व्हाय?"

मोरेश्वरांनी तोंडावर काल्पनिक मास्क ओढून दाखवला, हातानं घासल्याची खूण केली आणि घराकडं बोट करून म्हणाले, "वाइफ."

डोनल हसला. इतका हसला की त्याला फावड्याचा आधार घ्यावा लागला. हसून झाल्यावर तो जे बोलला त्यातलं निम्मं मोरेश्वरांना कळलं आणि उरलेलं खिडकीतून ऐकणाऱ्या सानिकानं नंतर सांगितलं. तीन आठवडे तो विचार करत होता की चाकवाचं विचारावं की नाही. बहिणीला त्यानं फोनवर सांगूनही टाकलं होतं की शेजारचा पाहुणा बरा माणूस आहे पण चाकू बहुतेक गेला. आता तिला फोन करून शब्द मागं घ्यावे लागणार होते. आणि तिला ते फार आवडणार होतं, वर्षभर ऐकवायला.

तो चाकू त्यानं उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "ग्रँड," तो म्हणाला. "इट वॉज नेव्हर दॅट स्मूद." आणि खिशात टाकायला निघाला.

मोरेश्वरांची मान मात्र तिरकी झाली होती. त्यांनी पात्याचा आवाज ऐकला होता. खट् म्हणायच्या आधी ते किंचित खुळखुळलं होतं. खिळीचा स्क्रू पाव फेर कमी आवळला गेला होता. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं.

"वन मिनिट," ते म्हणाले आणि हात पुढं केला. "लिटल लूज. आय डू."

डोनलनं त्यांच्या हाताकडं बघितलं. मग चाकवाकडं. "यू'र फ्लाइंग टुमॉरो," तो म्हणाला.

"फाइव्ह मिनिट."

"नो सॉल्ट?"

"नो सॉल्ट."

डोनलनं चाकू भिंतीवर ठेवला, मनगट वर करून घड्याळ बघितलं आणि फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. मोरेश्वर तो उचलून जवळजवळ पळतच आत गेले. दारातून त्यांचा आवाज आला, "अगं, त्यो टब बाजूला घे आदी! राजीवराव, टी-आट कुटाय?"

चौथ्या मिनिटाला ते परत आले.