उधाणने होडी फिरवली

उधाणला "नको" म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, की ती तेच करणार. पेणच्या खाडीकाठी, आमच्या मिठागरवाल्यांच्या वस्तीत ती जन्मली त्या दिवशी भरतीचं पाणी बांध फोडून घरात शिरलं, म्हणून हे नाव. मी तिची धाकटी चुलत बहीण, आणि शर्यतीच्या होडीत तिची जोडीदार. सुकाणू तिच्या हातात, पुढचं छोटं शीड माझ्या.

"पोरींना शीड झेपायचा नाय," म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना तिने त्यांच्याच होड्या घेऊन हरवलं. मुंबईच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात लोक आमच्या बोलीला हसले, तर ही मुद्दाम मोठ्याने बोलायला लागली. "वाऱ्याला आपली बोली कलते ना? बस झाला."

मग निवडीची शेवटची शर्यत आली. पहिली येणारी जोडी भारताच्या संघात जाणार होती, आणि आम्ही पुढे होतो. शेवटच्या बोयाला, म्हणजे वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेल्या पिंपाला, वळसा घालताना होडीची कड त्याला पुसटशी घासली. बोयाला शिवलं तर आपणहून होडी एकदा पूर्ण गोल फिरवायची, असा नियम. पंच लांब होते, मागच्या होड्या त्याहून लांब.

"ताई, कुनी बगला नाय. चल!" मी ओरडले.

"मी बगला ना," म्हणत तिने सुकाणू दाबलं.

आम्ही फिरेपर्यंत दोन होड्या पुढे गेल्या. मला रडू फुटलं. "रडतेस काय? शीड भर!" ती खेकसली. एकीला आम्ही गाठलं, दुसरी निसटली.

गावाने तिला वेड्यात काढलं. मी वर्षभर तिच्याशी बोलले नाही. ती मात्र नवी जोडीदार घेऊन पुन्हा उभी राहिली, हरली, परत उभी राहिली. आज चाळिशीतही नागोठण्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून शर्यतीला जाते. संघात ती कधीच गेली नाही. मला ते अजून सलतं.

मी रोह्यात शिक्षिका झाले. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज माझ्या हातून मुदतीत भरायचा राहिला. "साइट बंद होती म्हणा," सहकारी म्हणाले, "कोण बघायला गेलंय?" मी वरसे गावात तिच्या घरी गेले आणि चूक माझी आहे असं सांगितलं. आईबाप वाट्टेल ते बोलले. बाहेर येऊन मी रडत उधाणला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. "फिरवलीस ना होडी?"

"व्हय."

"मंग रडतेस काय? शीड भर."

मी डोळे पुसले आणि पुन्हा त्याच दाराची कडी वाजवली. पुढच्या परीक्षेसाठी त्या पोरीला रोज घरी येऊन शिकवीन, एवढं सांगायचं राहिलं होतं.