हिलरीचं झुडूप आणि माझे उसने डोळे

गाडी मागायला आली असेल, असंच मला वाटलं. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉलॉंगॉंगच्या घरामागे हिलरी राहते. ऐंशी ओलांडलेली इंग्रज बाई. तिला नुसतं 'हिलरी' म्हणायला माझ्या नागपुरी जिभेला वर्ष लागलं. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात ती कुंपणापाशी आली.

"शनिवारी गाडी काढशील? आणि तुझे डोळे हवेत मला. माझे आता कामाचे राहिले नाहीत."

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपमध्ये डोकं घालून बसते, हे तिला ठाऊक होतं. तिचा जन्म गेला झाडाझुडपांचं वर्गीकरण करण्यात, त्यांना शास्त्रीय नावं देण्यात. मी लगेच हो म्हटलं. शनिवारी नाहीतरी काय, इस्त्री आणि डोसापीठ.

"आई, हॅट घे," निघताना माझी लेक रुही म्हणाली, "अँड मॅप डाउनलोड कर, देअर्स नो रेंज."

लेकीचं ऐकलं ते बरं झालं. तुम्हीही जाणार असाल तर मॅक्वारी पासचा घाट सकाळी लवकर चढा, वीकेंडला मोटारसायकलवाल्यांची जत्रा भरते. वळणं अशी, की चिखलदऱ्याचा घाट परवडला. वर रॉबर्टसनला थांबून गरम 'पाय', म्हणजे सारण भरलेली खुसखुशीत पेस्ट्री, खा. कॉफी धरून माणशी वीस डॉलरमध्ये पोट भरतं. पेट्रोलही तिथेच भरा, कारण पुढे काहीच नाही.

घाटभर हिलरी बोलत होती. यॉर्कशायरमधल्या गिरणीकामगाराची ही मुलगी वर्षभराच्या नोकरीसाठी इथे आली आणि इथलीच झाली. कागदावर चिकटवलेल्या वाळक्या झाडांनी भरलेल्या, डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या खोलीत तिची उभी हयात गेली. आपण जिथे निघालोय, तिथलंच एक झुडूप तिने सगळ्यांत आधी शोधलं होतं. त्याची एक भावंड-जात सगळीकडे उगवते. तिच्या फुलाखालच्या हिरव्या वाटीवर लव असते आणि हिलरीच्या झुडपाची वाटी मात्र गुळगुळीत. तेवढ्या फरकावर ती जात वेगळी ठरली, दुर्मिळ म्हणून तिच्याभोवती कुंपण पडलं.

"पण तेव्हा मी एकाच झुडपाची फांदी तोडली," ती पाय खाता खाता म्हणाली. "बाकीची बघितलीच नाहीत. पंचविशी, घाई. आता वाटतंय, चुकलेच मी."

मी विचारलं, "मग आता कशाला उकरून काढतेस?"

"मेल्यावर कोण काढणार?" ती म्हणाली आणि पायमधले मटार शोधायला लागली.

कच्च्या रस्त्यावरून पोचलो. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. कुंपणाच्या आत पिवळ्या-तांबड्या फुलांची झुडपं होती, इथले लोक त्यांना एग्ज अँड बेकन म्हणतात. आणि कुंपणाला अगदी खेटून नव्या घरांची छपरं, उकरलेली लाल माती, पिवळाधम्मक बुलडोझर. मला धक्काच बसला. मला वाटलं होतं रान असेल.

दुसरा धक्का हिलरीने दिला. परवाना खिशात होता तिच्या, पण इतकं जपलेलं झुडूप तिने कात्रीने खुशाल छाटलं! प्रत्येकाची एकेक डहाळी घेतली, भिंग माझ्या हातात दिलं आणि घडीच्या खुर्चीत बसली. "सांग. केस आहेत?"

पहिली वाटी गुळगुळीत होती. दुसरीवर लव. तिसरीवर, चौथीवरही लव, चांगली दाट. म्हणजे ही वेगळी जात नव्हतीच. म्हणजे कुंपणही जाणार. मी बुलडोझरकडे बघितलं.

"गुळगुळीत," मी म्हटलं. "सगळ्या गुळगुळीत."

हिलरी पुढे झुकली. तिने माझ्या हातातली डहाळी घेतली, डोळे मिटले आणि फूल खालच्या ओठावरून हळूच फिरवलं. मग दुसरं. मग तिसरं.

"डोळे गेलेत, ओठ शाबूत आहेत," ती म्हणाली. "आम्ही जुने लोक बारीक केस असेच तपासतो. लॅबमध्येही असंच करतेस? पेशंट आवडला की रिपोर्ट चांगला?"

मी पकडले गेले होते. वर रागही आला. "तो बुलडोझर दिसतोय का तुला?"

"दिसतो. तेवढा मोठा आहे तो." तिने पिशवीतून सँडविच काढलं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं नाही.

ऊन उतरता उतरता परत निघालो. संध्याकाळी त्या भागात कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून गाडी हळू चालवा. मी तर रडू आवरत चालवत होते. घरी सगळं सांगितल्यावर रुही डोळे विस्फारून म्हणाली, "आई, यू लाइड टू अ सायंटिस्ट?"

हिलरीने तिची दुरुस्ती छापायला पाठवली. जे नाव देऊन तिचं करिअर सुरू झालं, ते तिनेच स्वतःच्या हाताने रद्द केलं. त्या झुडपाचं कुंपण राहील की जाईल, हे अजून कुणीच सांगत नाही.

परवा पेंडल हिलच्या भारतीय दुकानातून आणलेली भेंडी धूत होते. काय वाटलं कोण जाणे, एक भेंडी ओठाला लावली आणि डोळे मिटले. बारीक, चरचरीत लव. इतकी वर्षं भेंडी चिरतेय, पण ती अशी कधी जाणवली नव्हती.

"ऐक," कुंपणापलीकडून हाक आली. भेंडी हातात घेऊनच मी बाहेर गेले. हिलरीच्या गळ्यात भिंग होतं. "त्या जागेत इतरही बरंच उगवतं. गवतं, चिमुकली ऑर्किड. तेव्हा मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. जागा वाचवायला खरं कारण तिथेच सापडेल, नाहीतर नाही. सगळं तपासायचं तर तीन-चार वसंत लागतील."

तीन-चार वसंत! मी तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे बघतच राहिले.

"शनिवारी मोकळी आहेस?"

"आहे," मी म्हटलं. "आणि दिसेल तेच सांगेन."