हौसाबाईंचे पंच

"वकीलताई, आई गेली. मंगळवारच्या तारखेला आता यायचं का?" हौसाबाईंच्या मुलीचा, सुमनचा, फोन आला तेव्हा मी कोर्टातच होते.

हौसाबाई आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीच्या. लोणावळ्यातल्या बंगल्यावर धुण्याभांड्याला होत्या. तिथली सोन्याची चेन हरवली आणि पोलीस थेट त्यांच्या घरी झडतीला आले. झडतीचे साक्षीदार, म्हणजे पंच, म्हणून सोबत आणले बंगल्याच्या शेजारच्या साहेबांना आणि त्यांच्या ड्रायव्हरला. चेन म्हणे भाताच्या कणगीत सापडली. कायदेशीर मदतीतून ही केस माझ्याकडे आली, तेव्हा पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "मी तवाच म्हनले, आमच्या वाडीतला येक तरी पंच घ्या. तर फौजदार म्हनले, ठाकराचं मानूस ठाकराच्याच बाजूनं बोलनार. मग ताई, त्यांचं मानूस कुनाच्या बाजूनं बोलनार?"

पंच गाडीतून उतरलेच नव्हते, सह्या गाडीतच झाल्या, हे सगळ्या वाडीनं पाहिलं होतं. पण वाडी म्हणजे आरोपीची माणसं. उलटतपासात शेजारचे साहेब शांतपणे म्हणाले, "झडतीच्या वेळी मी घरातच होतो." ड्रायव्हर नोकरी सोडून गावी गेलेला, त्याला समन्स बजावता येईना. तारखेवर तारीख पडत राहिली. अंधारात उठून एसटीपर्यंत चालत यायचं, दिवसभर व्हरांड्यात बसायचं, पुढची तारीख घेऊन परतायचं. केस चालू असलेल्या बाईला लोणावळ्यात कुणी दारात उभं करेना. "कबूल करून टाका, दंडावर सुटाल," असं कुणीतरी सुचवलं, तर म्हणाल्या, "घेतलीच न्हाई, तर कबूल काय करू?"

यंदा खोकला धरला आणि त्यातच गेल्या. आरोपी मयत म्हणून खटला बंद झाला.

"मंजी आई सुटली?" सुमननं विचारलं.

"नाही गं… नुसता खटला संपला."

"मंग चोरीचं नाव तसंच ऱ्हायलं?"



गेल्या आठवड्यात वाडीवर गेले. उंबऱ्याशी पोचले, तोच सुमननं मला हातानं थांबवलं आणि शेजारच्या घरांकडं बघून हाक मारली, "मावशे, काकी, जरा हिकडं या!" दोघी जणी भाकरीच्या पिठाचे हात घेऊनच आल्या आणि दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. सुमन ओशाळून म्हणाली, "राग मानू नका ताई. झडती झाल्यापून आईनं हेच लावलं व्हतं. भायेरचं कुनीबी आत यायचं, तर आपली दोन मानसं बघायला पायजेत."

त्या दोघींच्या मधून, वाकून, मी आत गेले.