मंगळवार लागला की

त्या सोमवारी दुपारी माझी बायको सुमन आणि मी मंडपाची जुनी झालर उसवत बसलो होतो. कापड हातात घेऊन ती म्हणाली, "आवो, हे तं बिन्यामीनसाहेबाच्या पोरीच्या लग्नातली व्हय!" दोघंही हसलो.

माझं काम मंडप-बिछायतीचं. बिन्यामीनसाहेब रेल्वेत गार्ड, अजनीच्या क्वार्टरात राहायचे. यहुदी माणूस, मूळ कोकणातला. ऑर्डर द्यायला आले तेव्हा मी म्हटलं, "रविवार घ्या साहेब. शनिवारी बांबू गाडतो."

"शनिवारी माझ्या अंगणात कुदळ चालणार नाही. आमचा शब्बाथ, विसाव्याचा वार."

"मंग पुढच्या महिन्यात?"

"वल्हांडणाचा सण येतोय. त्यानंतर काही आठवडे लग्नं बंद." म्हणजे आपल्या चातुर्मासासारखं. "मंगळवारच पाहिजे. जग घडवताना त्या दिवशी देव दोनदा 'चांगलं' म्हणाला."

"आन् सोमवारी?"

"एकदाही नाही."

मला नवल वाटलं. पंचांग नाही, कुंडली नाही. देव काय बोलला तेवढं पाहायचं.

"मंगळवार लागला की लग्न," साहेब म्हणाले. सुमननं ऑर्डरीच्या फळ्यावर तसंच लिहिलं. मला अक्षरं जेमतेम येतात. आपला वार उजाडल्यावर लागते, म्हणून मी सोमवारचा अख्खा दिवस आणि रात्र कामाला धरली.

रविवारी झालरीचं माप घ्यायला गेलेली सुमन धावतच परत आली. "आज सांजेले पोरीले मेंदी हाय! लग्नाच्या दोन दिस आधी मेंदी कशी, म्हणून मी तिच्या मायले इचारलं. त्यांचा वार सूर्य बुडाला का लागते. लग्न उद्या सांजेले हाय!"

एकही बांबू गाडलेला नव्हता. मुंबईचं वऱ्हाड उतरलं होतं. मी साहेबांकडे गेलो. "परवा सांजेले केलं तं?"

"तो बुधवार होईल."

सोमवारी पहाटेच खड्डे खणले. सुमन शिडीवर उभी राहून झालर टाचत होती. शेवटची गाठ मारली तेव्हा ऊन कौलांवर होतं. साहेब अंगणात आभाळ पाहत उभे. पहिले तारे दिसले तसे म्हणाले, "लागला मंगळवार. आणा पोरीला."

तेव्हापासून गिऱ्हाईक कोणीही असो, मी नुसता वार विचारून थांबलो नाही. तुमचा वार लागते कधी, हेही विचारलं.

एवढं सगळं आठवून झालं. त्याच सांजेला सुमननं देवापाशी दिवा लावला, भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जमली. मी खडू घेऊन फळ्यावर लिहिलं : सुमन गेली. मंगळवार.

साळा म्हणाला, "भाऊजी, काल सोमवार होता."

"दिवा लागला होता," मी म्हटलं, आणि खडू ठेवून दिला.