अण्णांचा तळवा

"कसं वाटतंय?" विचारलं की अण्णा उजवा तळवा वर करून दोनदा हलवायचे. म्हणजे माग चालू आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला माहीत असेल, त्या खडखडाटात तोंडाने बोलून उपयोग नसतो. सगळं हातानेच चालतं. त्यांनी जन्मभर माग चालवला, मी दुसऱ्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. म्हणून मला ते हातवारे कळायचे.

आमची गाठ पडली दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत. दोघांचीही हृदयं कमजोर. डॉक्टर म्हणाले, बसून राहू नका, बेताने चाला. मला ते खूळच वाटलं. आयुष्य उभ्याने काढलं आणि आता चालायला दवाखान्यात यायचं!

तिथे व्यायाम घेणाऱ्या मॅडमचा नियम एकच. चालताना बोलता आलं पाहिजे, शब्द तुटायला लागले की थांबायचं. म्हणून त्या मुद्दाम गप्पा काढायच्या.

अण्णांचं बोलणं म्हणजे ओरडणं. विषयही एकच. मुलीने कुर्डुवाडीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं आणि यांनी ते फक्त रस्त्यावरून पाहिलं होतं.

"चाळीस पायऱ्या हायत, अक्का. चढतो का न्हाय बघा."

"आधी ही खोली तर पार करा."

एका सोमवारी मॅडमनी चालता चालता विचारलं, "अण्णा, काय जेवलात?" अण्णांनी हाताने भाकरी थापून दाखवली. "आणि भाजी?" त्यांनी बोटांनी शेंगा मोडून दाखवल्या. मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही.

"मॅडम, थांबवा त्यांना. बोलायला दम न्हाय, म्हणून हात चाललेत."

मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलेलं. अंगात पाणी साठत होतं आणि अण्णा घरातसुद्धा बोलले नव्हते. सांगितलं तर व्यायाम बंद होईल, मग पायऱ्या राहतील, ही भीती. लगेच भरती केलं.

चाकाच्या खुर्चीतून नेताना माझ्याकडे बघून म्हणाले, "चुगलखोर."

तेवढ्याला दम पुरला.

महिन्याने परत आले. दोन दिवस माझ्याशी अबोला. तिसऱ्या दिवशी शेजारी चालत इतकं बोलले, की मीच म्हटलं, "आता पुरे की!"

थंडीत मुलीकडच्या पायऱ्या चढले, मध्ये दोनदा बसून. मुलीने फोनवर दाखवलं. हे गॅलरीत उभे, तळवा वर.

"हात खाली घ्या. तोंडानं बोला," मी म्हटलं.

"आलो की वर, अक्का!" असे ओरडले की मी फोन लांब धरला.

मग तिकडेच राहिले. वर्षभर राहिले आणि गेले. मुलगी म्हणाली, त्रास झाला नाही.

मी अजून जाते चालायला. परवा शेवटच्या फेरीत मॅडमनी विचारलं, "आजी, कसं वाटतंय?" माझा तळवा आपोआप वर गेला.

मी तो खाली घेतला आणि म्हणाले, "दम लागलाय."