जिन्यातला दिवा कुणाला ओळखतो

हे किस्से मला नीट आठवतात का, याची खात्री नाही. भोरला आम्ही पेन्शनर चहाला जमतो. एकाने जिन्यात सेन्सरचा दिवा लावला की हळूहळू सगळेच लावतात, आणि मग कुणाचा किस्सा कुणाला चिकटतो देव जाणे! भीती मात्र सगळ्यांची एकच: या वयात जिन्यावरून पडलो, तर उठणं नाही.

*

किकवीच्या तात्यांनी रडारचा सेन्सर आणला. तो लाकडी दारापलीकडची हालचालही टिपतो. घर एसटीच्या थांब्याला चिकटून. गाडी कडेला आली की जिना उजळायचा! तात्या दचकून ओरडायचे, "कोण हाय?"

सूनबाई पर्स उचलत म्हणायची, "मामंजी, माझी गाडी आली. सेन्सर काढू नका हं!"

*

पासलीच्या बबनरावांचा जिना घराबाहेरून माडीवर जातो. तिन्हीसांजेला दिवा आपोआप लागला. "बिबट्या!" सगळे आत, दाराला कडी. दिवा विझला, पुन्हा लागला.

शेवटी त्यांच्या मंडळींनी फटीतून पाहिलं. "व्हय, बिबट्याच हाय. दाढी बी हाय त्याला. या भाईर!"

वरच्या पायरीवर घरचा बोकड रवंथ करत बसला होता.

*

गडाच्या पायथ्याच्या पालीला बबनरावांच्या मेव्हण्याकडे ट्रेकर उतरतात. एकजण जिन्यात मोबाईलची रेंज शोधत स्तब्ध उभा राहिला. दिवा विझला. घाबरून त्याने दोन्ही हात हवेत नाचवले. दिवा लागला, तर समोर मेव्हण्याची आई!

"अगं बया, अंगात आलं याच्या!" म्हणत तिने कपाळाला अंगारा फासला.

तो म्हणाला, "आजी, रेंज आली!"

*

आता माझा. मी भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून अंगाची ऊब ओळखणारा सेन्सर निवडला आणि जिन्याच्या तळाशी समोरच लावला. हा सेन्सर आडवं जाणारं माणूस चटकन टिपतो, थेट चालून येणारं उशिरा. मला हे ठाऊक असायला हवं होतं. माझी बायको सुमन गच्चीवरून येताना एकदा पडली होती. ती म्हणाली, "अहो, निम्मा जिना उतरले की जागा होतो हा. मी पडल्यावर लागणार का?"

मी तो बाजूच्या भिंतीवर हलवला. मग मांजर गेलं तरी दिवा लागायचा, आणि सुमन उतरतेय की काय म्हणून मी उठून बघायचो! भिंगाच्या खालच्या अर्ध्या भागावर चिकटपट्टी लावली. मांजर दिसेनासं झालं.

आणि सुमनही! ती एकटी उतरली की अंधार. माझ्यासमोर उतरवून पाहिलं, तर लख्ख उजेड. हिच्या अंगात ऊबच उरली नाही की काय? मी उगाच तिचा हात धरून बघायचो.

तात्या म्हणाले, "वैनी लई शांत, सेन्सरला बी पत्ता लागत न्हाई!" सगळे हसले. मी रोज संध्याकाळी जिन्याखालचं बटण दाबायला धावत राहिलो.

काही वर्षांनी माझेही गुडघे गेले. एका संध्याकाळी वरच्या पायरीवरून खाली पाहिलं आणि तिथेच थांबलो. आसपास कुणी नव्हतं. मी खाली बसलो आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी उतरू लागलो.

दिवा लागला नाही.

खालून सुमनने बटण दाबलं. "कुणी बघितलं तर लाज वाटते ना?" ती म्हणाली. "मलाही वाटायची."